छत्री उतरवा, आचारी जिवंत आहे!

माझ्या सासूबाई छत्र्यांच्या कारखान्यात नोकरी करतात, पण त्यांनी बनवलेली एकही छत्री मी आजवर पाहिलेली नाही. त्या वाचतात. आम्ही बाकीचे काड्यांवर कापड टाचतो, मुठी बसवतो, खटके दाबून बघतो, आणि त्या मधोमध उंच स्टुलावर बसून मोठ्यानं पुस्तक वाचतात. त्यांच्या वाटच्या छत्र्या आम्ही सगळे मिळून करतो आणि पगार त्या घेतात. लग्नानंतर मला वाटलं होतं, नोकरी धरली की दिवसभर तरी सासूच्या आवाजापासून सुटका होईल. झालं उलटंच. घरी सासूबाई, दारी सासूबाई, आणि दारी तर त्यांना बोलण्याचे पैसे मिळतात!

हे वाचन सुरू झालं ते रेडिओ बिघडला म्हणून. आमच्याकडे यंत्रांची घरघर नाही, सगळं सुईदोऱ्याचं काम. हातोडी असते ती एकट्या मुठीवाल्या काकांकडे, दांड्याला मूठ ठोकायला. नुसत्या शांततेत माणसं एकमेकांची उणीदुणी काढायला लागली, तेव्हा मुकादम म्हणाले, "बाई, तुमचा आवाज खणखणीत आहे. नवा रेडिओ येईपर्यंत काहीतरी वाचा." नवा रेडिओ अजून येतोच आहे. सासूबाईंचं नाव मात्र 'रेडिओबाई' पडलं, आणि ते त्यांना मनापासून आवडतं. त्यांचं कौतुक करणं मला जड जातं, पण खरं ते खरं. त्या नुसतं वाचत नाहीत, सोंगं वठवतात. प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा, खोकला वेगळा, हसणं वेगळं. एकदा एका खाष्ट सासूचा आवाज त्यांनी असा हुबेहूब काढला की सगळ्या कारखान्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कापड टाचत राहिले.

वाचनाचे नियम कडक आहेत आणि ते सासूबाईंनीच केलेत. पुस्तक कारखान्याच्या कपाटात राहतं, घरी न्यायचं नाही. पुढचं कोणी चोरून वाचायचं नाही, वाचणारीनंसुद्धा नाही. सुरू केलं की संपवायचं. आणि एक रिवाज असा, की पुस्तकातलं कोणी वारलं तर दुसऱ्या दिवशीच्या वाचनापर्यंत एक काळी छत्री उघडून दारावरच्या हुकाला टांगायची. समोर चपलांचं दुकान आहे. छत्री दिसली की चपलावाला तिथूनच विचारतो, "आज कोण?" आम्ही सांगतो, "डॉक्टरांची आई." तो मान हलवतो, हात जोडतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो. एक ओळही न वाचता त्या माणसानं आमच्या पुस्तकांतली कितीतरी माणसं पोचवली आहेत.

सासूबाई सगळं वाचतात. प्रेम, खून, भुतं, भाऊबंदकी. फक्त लढाईचं पुस्तक हातात धरत नाहीत. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी त्यावर बोलत नाही. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे थोरले दीर, लढाईत गेले. माझा नवरा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. दोघांच्या वयात खूपच अंतर. त्यामुळे नवऱ्याला भावाबद्दल एकच गोष्ट माहीत आहे, तो गेला ही. लहानपणी तो विचारायचा, "आई, दादा कसा होता?" उत्तर यायचं, "गेला रे तो," आणि सासूबाई उठून काहीतरी घासायला घ्यायच्या. मोठा झाल्यावर त्यानं विचारणं सोडलं. आमचं लग्न नवं होतं तेव्हा एकदा मला म्हणाला, "मला त्याचा आवाजसुद्धा माहीत नाही. सख्खा भाऊ होता माझा." एरवी हा माणूस टेम्पो चालवताना शिट्ट्या मारतो, कशाचं म्हणून मनाला लावून घेत नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा मला बघवला नाही.

घरात थोरल्या दिरांचा फोटोही नाही. भिंतीवर एकच फोटो आहे, माझ्या नवऱ्याचा, अडीच वर्षांचा असतानाचा. स्टुलावर उभा आहे आणि डोक्यावर मोठ्या माणसाची भलीमोठी हॅट, पार नाकापर्यंत उतरलेली. डोळे दिसतच नाहीत, खाली नुसती रडकी जिवणी. फोटोच्या कडेनं कोणाची तरी दोन बोटं आत आलीत आणि त्यांनी हॅटची कड धरली आहे. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, "आई, ही हॅट कसली?" "थंडी होती," त्या म्हणाल्या. फोटोत पोरगं उघड्या पायांनी, बिनबाह्यांच्या सदऱ्यात उभं आहे. पण सासूबाईंनी थंडी म्हटलं की थंडी.

आता त्या पुस्तकाकडे येते.

पुस्तकं मुकादम आणतात, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, जाडी बघून. जाड पुस्तक जास्त दिवस पुरतं हा त्यांचा साधा हिशेब. या वेळी आणलेल्या पुस्तकाच्या वेष्टणावर एक पातेलं होतं आणि त्यावर आडवी ठेवलेली पळी. "घरगुती दिसतंय," मुकादम म्हणाले. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि सुरुवात केली. एक आचारी बटाटे सोलत बसलाय. सोलता सोलता पातेल्याशी बोलतोय. पातेलं एवढं मोठं की तो ते पाठीला बांधून हिंडतो आणि त्याला 'आमचे साहेब' म्हणतो. खऱ्या साहेबाला, म्हणजे कॅप्टनला, तो 'ते पोट' म्हणतो, कारण कॅप्टनच्या पोटाला काहीच सोसत नाही. सासूबाईंनी आचाऱ्याला घोगरा आवाज दिला आणि कॅप्टनला नाकातला. हसून हसून आमच्या सुया बोटांत घुसायला लागल्या. प्रकरणाच्या शेवटी कळलं की बटाटे चालले होते ते एका पलटणीसाठी, आणि पलटण निघाली होती लढायला.

सासूबाईंचा आवाज खाली आला. मुकादमांच्या कपाळाला घाम फुटला.

"बदलू या का बाई? मी आत्ता जाऊन दुसरं आणतो."

"सुरू केलं की संपवायचं," सासूबाई म्हणाल्या. "नियम माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी दुसरं प्रकरण. पलटण नदी ओलांडते, आचारी कंबरभर पाण्यात, पाठीवर पातेलं, आणि पलीकडून गोळीबार सुरू होतो. पातेलं वाहत गेलं. आचारी वर आला नाही. मुठीवाल्या काकांनी हातोडी खाली ठेवली. कारखान्यात दोघी सख्ख्या जावा शेजारी शेजारी बसतात, लग्न झाल्यापासून त्यांचं एकमेकींशी एकाही गोष्टीवर पटलेलं नाही, त्या दोघी एकाच वेळी रडल्या. सासूबाईंनी पुस्तक मिटलं, स्टुलावरून उतरल्या आणि छत्री स्वतः टांगली. त्या संध्याकाळी घरात आधीच लखलखीत असलेली भांडी त्यांनी पुन्हा घासली. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी खुणेनंच म्हटलं, काही विचारू नकोस.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं ते शिक्षा झाल्यासारखं. सपाट आवाजात वाचायला लागल्या. "आचाऱ्यानं पळी चाटली, थू केलं आणि विचारलं, मीठ कोणाच्या बापानं टाकलं?"

सासूबाईंनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. या वेळी घोगऱ्या आवाजात.

"जिवंत आहे!" थोरली जाऊ किंचाळली.

"छत्री उतरवा!" मुठीवाले काका उभे राहून ओरडले. "अरे उतरवा ती छत्री, आचारी जिवंत आहे!"

मग जो काही गोंधळ झाला! मुकादम स्वतः धावले, छत्री काढताना ती त्यांच्याच डोक्यावर मिटली. थोरली म्हणाली, पोहत बाहेर आला असणार. धाकटी म्हणाली, भूत असणार. काका म्हणाले, भूत मीठ चाखत नाही. मुकादमांनी पानांचे आकडे तपासले, ते बरोबर होते. आणि या सगळ्यात सासूबाई स्टुलावर बसून हसत होत्या. गालातल्या गालात नाही, चांगल्या खदखदून, चष्मा हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला क्षणभर त्या कोणी दुसऱ्याच बाई वाटल्या आणि खूप आवडल्या.

चौथ्या प्रकरणात आचारी पुन्हा मेला. तीच नदी, तीच गोळी, फक्त आता पलीकडच्या काठावरच्या शिपायानं पाहिलेली. छत्री वर. पाचव्यात आचारी भरतीच्या रांगेत उभा, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही. छत्री खाली. सहाव्यात नदी, आता कॅप्टनच्या डोळ्यांनी. छत्री वर. सातव्यात आचाऱ्यानं कोंबडी चोरली आणि तिला पातेल्यात लपवून पातेल्यावर बसून कॅप्टनला सलाम ठोकला. छत्री खाली आणि आमची हसून मुरकुंडी. चपलावाल्याच्या डोक्यावरून हे सगळं चाललं होतं. शेवटी गिऱ्हाईक तसंच टाकून, हातात एकच सँडल घेऊन तो रस्ता ओलांडून आला.

"नेमकं कोण गेलंय तुमच्याकडे?"

"आचारी," मुकादम म्हणाले.

"काल गेला तो?"

"परवा होता, काल गेला, आज आहे."

"म्हणजे बरा आहे आता?"

"छे हो. मेलाय तो," धाकटी जाऊ म्हणाली. "पण आज कोंबडी चोरलीन."

चपलावाला दोन पावलं मागे सरकला. मग सँडल छातीशी धरून म्हणाला, "तुम्ही लोक जरा दारं-खिडक्या उघड्या ठेवत जा. आत त्या मुठी चिकटवायच्या सोल्युशनचा वास फार कोंडतो."

इथं सासूबाईंचा स्वभाव आडवा आला. त्यांना विस्कटलेलं काही खपत नाही. घरी चमचे उंचीप्रमाणे लावतात, मी लावले की पुन्हा लावतात. त्या म्हणाल्या, "हा लेखक आहे का कोण? आज मारतो, उद्या उठवतो. माणसाच्या जिवाशी खेळ हा. मी याला सरळ करते." प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर साल आणि ऋतू लिहिलेला होता. त्यांनी छत्रीच्या मोडक्या काड्या घेतल्या आणि सालाप्रमाणे पुस्तकात खुणा घालायला लागल्या.

"पण बाई, पुढचं वाचायचं नाही असा नियम आहे," मुकादम म्हणाले. "तुम्ही तर एकदम शेवटच्या प्रकरणात काडी घातलीत."

"पुढचं कुठंय हे? आचारी पंधरा वर्षांचा आहे यात. हे सगळ्यात मागचं."

मुकादमांनी बोटांवर सालं मोजली आणि त्यांनाही ते पटलं. त्या पुस्तकानं आमची डोकीच अशी करून ठेवली होती.

तर सरळ वाचन सुरू झालं. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण आम्ही पहिलं ऐकलं. पंधरा वर्षांचा आचारी एका लग्नात हाताखाली कामाला आहे आणि जेवणातल्या गोडात साखरेऐवजी मीठ टाकतो. गंमत वाटली, हसलो, पुढं गेलो. मग भरती. मग कवायत. मग पलटणीचं स्वयंपाकघर, मीठ, कॅप्टनचं पोट, कोंबडी. सगळं कसं ओळीनं, चमच्यांसारखं. सासूबाई खूश.

पण मग एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. कोंबडीवर कोणी हसेना. आधी ज्या कोंबडीवर आम्ही लोळलो होतो तीच ही कोंबडी. पण आता पुढं काय आहे ते ठाऊक होतं आणि मधे आडवं यायला काही उरलं नव्हतं. दर सकाळी आचारी नदीकडे थोडा सरकायचा. सगळ्यांचे हात मंदावले. काका म्हणाले, "बाई, ते बटाट्यांचं पुन्हा वाचा की, मला नीट ऐकू आलं नव्हतं." काकांचे कान घारीच्या डोळ्यांइतके तिखट आहेत. दुसऱ्या दिवशी थोरल्या जावेला ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी, एरवी ज्यांच्या डोळ्यांत चहाचा वेळसुद्धा खुपतो ते मुकादमच म्हणाले, "आज वाचन राहू द्या. आज आपण जाळी-जळमटं काढू." आम्ही आनंदानं जळमटं काढली.

आणि मग फक्त नदी उरली. सासूबाईंनी काडीची खूण उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

"मी नाही वाचणार," त्या म्हणाल्या. कोणीही नियमाची आठवण करून दिली नाही.

घरी जाताना आम्ही दोघी गप्प चालत होतो. एरवी मी असली शांतता सोडत नाही, लगेच उपभोगते. त्या दिवशी मला ती सोसेना. कोपऱ्यावर त्या थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "तुला वाटत असेल, ही बाई जगाचं वाचून दाखवते आणि स्वतःच्या मुलाबद्दल अक्षर काढत नाही."

"वाटतं खरं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"अगं, कुठूनही सुरुवात केली तरी तिथंच जातं. तो जन्मला म्हणायला जावं, की लगेच शाळेत जातो, लगेच मिसरूड फुटतं, लगेच कपडे भरतो आणि निघतो. मी सरळ सांगणारी बाई. मला मधे थांबता येत नाही. म्हणून मी सुरूच करत नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "धाकट्याला काय सांगू? तो विचारतो दादा कसा होता, आणि माझ्या तोंडात आधी शेवटच येतो."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांची पिशवी घेतली. मग सुचलं ते बोलून टाकलं.

"आई, म्हणजे त्या लेखकाला अक्कल होती तर. त्यानं मुद्दामच उलटंसुलटं केलं असणार."

"मेल्यानं सांगायचं तरी आधी!" त्या म्हणाल्या आणि ताडताड चालायला लागल्या. मला मागून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या काड्या उपटून फेकल्या आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं, लेखकानं लावलं होतं तसं. सुरू केलं की संपवायचं, हे काही त्यांनी सोडलं नव्हतं. बटाटे. नदी. छत्री वर. मीठ. छत्री खाली. आणि काय सांगू, तेच पुस्तक, तीच पानं, पण आता कोणाच्याच मनात गोंधळ नव्हता. तो जायचा त्या दिवशी आम्ही मनापासून रडायचो आणि दुसऱ्या दिवशी तो पळी घेऊन हजर व्हायचा तेव्हा टाळ्या पडायच्या. छत्री कोणी टांगायची आणि कोणी उतरवायची यावरून जावांची भांडणं झाली. चपलावाला दुकान उघडायच्या आधी आमच्या दाराकडे बघायला लागला. हूक रिकामा दिसला की ओरडायचा, "आज आहेत वाटतं!" आणि आम्ही आतून एका सुरात, "आहेत!"

शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी नवरा मालाची खेप घेऊन यायचा होता. आमचं कापड आणि मुठी त्याच्याच टेम्पोतून येतात. सासूबाई वाचत होत्या. लग्न, स्वयंपाकघर, पंधरा वर्षांचा आचारी. नवरदेवानं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे पांढरे झाले, पण सासरची मंडळी बघतायत म्हणून बिचारा म्हणाला, वा! मग सासऱ्यांना वाटलं, जावयाला आवडलं, तर आपणही म्हणावं, वा! मग सगळी पंगतच ते खारट गोड गिळत वा वा म्हणायला लागली, आणि एका आजीबाईंनी, त्यांना चवच कळत नव्हती, दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग मोठा आचारी पळी घेऊन पोराच्या मागे लागला. स्वयंपाकघराभोवती, विहिरीभोवती, वऱ्हाडाच्या मधून. पोरगा हसत पळतोय, फाटकातून बाहेर, रस्त्यावर, अजून पळतोय. पुस्तक तिथं संपलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसती गंमत वाटली होती. आता आम्ही सगळे पोट धरून हसत होतो आणि सगळ्यांचे गाल ओले होते. पुस्तक संपलं होतं आणि आचारी पळत होता. छत्रीकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

सासूबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आता त्या उतरतील असं वाटलं. त्या उतरल्या नाहीत. वाचायच्या त्याच आवाजात, जणू पुढचं पान उलटलं असावं तसं, त्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्यानं एकदा धाकट्याचं डोकं भादरलं."

माझी सुई हवेतच राहिली. मी दाराकडे पाहिलं. नवरा दारात उभा होता, खांद्यावर कापडाचा गठ्ठा.

"फोटो काढायचा होता. मी थोरल्याला पैसे दिले, म्हटलं, धाकट्याला न्हाव्याकडे ने. त्यानं त्या पैशांचं आइस्क्रीम खाल्लं. एकट्यानं नाही, धाकट्यालाही चारलं, म्हणजे तो सांगणार नाही. मग घरीच बसला वडिलांचा वस्तरा घेऊन. पोराच्या डोक्याला साबण फासला आणि एक बाजू केली, चांगली गुळगुळीत केली. तेवढ्यात साबण गेला डोळ्यात. धाकटा जो उठला तो तसाच रस्त्यावर! अर्धं डोकं साबण, अर्धं डोकं केस. मागे थोरला, हातात वस्तरा. शेजारीण किंचाळली, तिला वाटलं खूनच होतोय. आणि हा पळता पळता तिला सांगतोय..."

इथं सासूबाई थांबल्या. त्यांनी मान जराशी वाकडी केली आणि त्यांच्या तोंडून एक आवाज आला. मी त्यांचे सगळे आवाज ओळखते. हा कधी ऐकलेला नव्हता. भरभर बोलणारा, कोवळा, शब्दांच्या शेवटी हसू सांडणारा पोरगेला आवाज.

"'काकू, घाबरू नका, अर्धाच केलाय, अर्धा शिल्लक आहे!'"

अख्खा कारखाना फुटला. काकांच्या हातून हातोडी पडली. पण मी नवऱ्याकडेच बघत होते. तो हसत नव्हता. तो ऐकत होता, तोंड उघडं टाकून, गठ्ठा खाली ठेवायचं विसरून.

"पलंगाखालून ओढून काढलं धाकट्याला. उरलेलं डोकं काही हाती लागू देईना. तिकडे फोटोवाला खोळंबलेला. मग थोरल्यानं आपली हॅट घातली याच्या डोक्यावर. ती आपली नाकापर्यंत! म्हणून थोरला बाजूला उभा राहिला, दोन बोटांनी कड धरून. फोटोवाला म्हणतो, हात काढा, हात दिसतोय. आणि हा म्हणतो," पुन्हा तोच आवाज, "'हात काढला तर पोरगं जाईल हो हॅटमध्ये, नुसते पायच येतील फोटोत!'"

"ती बोटं," माझा नवरा दारातून म्हणाला. "ती दादाची बोटं आहेत?"

"मग कोणाची? फोटोवाल्याची?" सासूबाई म्हणाल्या.

"तू थंडी म्हणाली होतीस!"

"अर्ध्या डोक्याला लागत असेल की थंडी!"

तेव्हा तो हसला. असा हसला की गठ्ठा खांद्यावरून घसरून पडला, तो त्याच्यावरच बसला आणि हसता हसता दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. सासूबाई स्टुलावरून उतरल्या, त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या डोक्याच्या एका बाजूवरून हात फिरवला. तीच बाजू असणार.

हसणं ओसरलं तसं सगळ्यांना आठवलं की हा थोरला कोण आणि त्याचं काय झालं. धाकटी जाऊ मनानं हळवी. ती हळूच उठली, कोपऱ्यातली काळी छत्री घेतली आणि उघडायला खटक्यावर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी आमच्या दारावर छत्री लागलेली नव्हती. समोरून चपलावाल्यानं मान उंचावली.

"ठेव ती," सासूबाई म्हणाल्या. "उद्या तो सहा वर्षांचा आहे."

धाकटीनं छत्री परत कोपऱ्यात ठेवली. नवऱ्यानं डोळे पुसले, गठ्ठा उचलून आत आणला आणि मुकादमांना म्हणाला, "उद्याची खेप मी सकाळीच आणतो."